मूळ अनिश्चित

फिजेट हा शब्द पहिल्यांदा आला
घोरपडे बाईंच्या पट्टीवरून, माझ्या डाव्या गुडघ्यावर.
इयत्ता सहावी, शेवटचा बाक.
अर्थ विचारायची सोय नव्हती.
गुडघ्याला कळला.

आता शाहूपुरीतल्या छापखान्यात
शाळकरी कोशाची प्रुफं तपासतो, फॉर्मला नव्वद रुपये.
एफच्या पानावर तो परत भेटला.
मालकांचा जाडा कोश काढून बघितलं:
आधी नुसतं फिज,
त्याच्या मागं, कदाचित, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचं
एखादं जुनं क्रियापद,
कशासाठी तरी उतावीळ होणं.
आणि शेवटी बारीक टायपात: मूळ अनिश्चित.

म्हणजे ह्यालाही
कुणाच्यानं एका घरी बसवलं नाही.

आपल्याकडची रांग लावून बघितली,
चुळबुळ, वळवळ, तळमळ, तगमग, हुरहुर,
एकही शब्द एकदा हलून थांबत नाही.
दोनदा हलतो,
जसा अप्पांचा हात.

अप्पांनी सुभाषनगरात
चाळीस वर्षं पायताणं शिवली.
करकर वाजणारा जोड कुणाला हवा असला
की दोन तळांच्या मधे विंचवाचं बी ठेवायचे.
गिऱ्हाईक वळायच्या आत गल्लीला कळायचं कोण आलं ते.
'तळात जीव पायजे,' म्हणायचे,
'न्हाईतर नुसतं कातडंच की.'

मार्चपासून उजवी बाजू गेली.
डावा हात मात्र चादरीच्या काठावर
टोचतो, ओढतो,
टोचतो, ओढतो.
आई म्हणते, गप पडा की वो, काय चुळबुळ लावलीया.
डॉक्टरांनी तिला लांबलचक नाव दिलंय,
ज्याचं मूळ अगदी निश्चित आहे.

काल त्या हातात मी एक वादी दिली.
थांबला.
मग अंगठा तिच्या कडेनं सरकत गेला, सावकाश,
कुणाचा पाय, केवढं माप,
विचारत असावा.
किंवा नसावा. मला कसं कळणार.
मी एकही टाका शिकलो नाही.

प्रुफात छापलंय: फिजेट, चुळबुळ करणे.
समासात मी बारीक लिहिलं: उतावीळ होणे, ओढ लागणे.
मालक खोडतील. ओळीत जागा नाही म्हणतील.

लिहीत होतो तेव्हा टेबलाखाली
डावा गुडघा हलत होता.
हलू दिला.