सपाट रेघ

दांडिया बाजारातल्या दवाखान्यात
डॉक्टर कागद पुढे सरकवतात.
"अहीं पावागढ दिसायला हवा होता, बेन."
बोटानं हवेत डोंगर काढून दाखवतात.
कागदावर नुसती रेघ,
आणंदच्या रस्त्यासारखी.

कानाच्या पडद्यामागे पाणी आहे म्हणे.
पाणी कसलं, डिंकच.
ना ताप, ना पू, ना रडारड.
फेब्रुवारीतली सर्दी गेली,
सूज तिथंच राहिली.
नाकाकडे उतरणारी बारीक नळी मिटून बसली
आणि आतलं अस्तर, चिडलेलं,
पाझरत राहिलं दिवसरात्र,
कुणी मागितलं नसताना.

मी आठवत बसते.
टीव्हीचा आवाज वाढवायचा इंद्रनील.
दर वाक्यामागे "काय?"
बाईंनी डायरीत लिहिलं : लक्ष नसतं.
मी म्हणाले, ह्या कानानं ऐकतोस, त्या कानानं सोडतोस,
आणि मांडवीच्या भर गर्दीत स्कूटर थांबवून
धरून पिळला.
डावा.
रिपोर्टमध्ये डावाच जास्त आहे.

तीन महिने वाट बघू, डॉक्टर म्हणतात,
बहुतेक मुलांची आपोआप उतरते.
नाहीच उतरली तर पुढचं पुढे.
तोवर समोरून बोला,
तोंड दिसू दे त्याला.

रावपुऱ्याच्या सिग्नलला मी हेल्मेट काढते,
मागे वळते.
"सेव-उसळ खायची?"
तो माझ्या ओठांकडे बघतो,
सहा वर्षांचा,
पावती तपासणाऱ्या कारकुनासारखा,
आणि मान हलवतो.
हो की नाही, मला कळत नाही.
पुन्हा विचारते.
मागे हॉर्न वाजू लागतात.