पाठ

कंधारला, पंचायत समितीच्या वरच्या हॉलात
दोन दिवसांचं प्रशिक्षण.
आम्ही आठ शाळांचे बेचाळीस जण,
त्यात शिपाई, क्लार्क,
आणि खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाईसुद्धा.
त्या दारातच अडल्या,
"मला कामून बोलावलं, सर? मी काय शिकविते का?"

निखत मॅडमनी माइक घेतला नाही.
त्यांना ऐकू येत नाही, त्या हातांनी बोलतात,
आणि धाकटा भाऊ शेजारी उभा राहून
त्यांचा आवाज होतो.

पहिलंच काम:
ओठ हलले, आवाज नाही.
एक शब्द. लिहा.
मी लिहिलं, बाण.
डोईफोडे क्लार्कनी लिहिलं, मान.
कौसाबाईंना लिहिता येत नाही,
त्यांनी पान काढलं, देठासकट.
आणि तेच बरोबर निघालं.
"बाईचं बोट तळव्यावर चुना लावीत होतं की,
तुमी नुसतं तोंड बगत बसले."

मग एकेकाच्या कानाला मशीन लावलं.
पंखा मोठा झाला.
खुर्ची सरकली ती डोक्यातून सरकली.
कुणीतरी बोलत होतं,
ते मात्र होतं तेवढंच राहिलं,
भिंतीपलीकडच्या भांडणासारखं.

जेवणाआधी मॅडमनी माझ्याकडे बोट केलं,
मग स्वतःच्या वरच्या ओठाकडे.
हॉल हसला.
एकतीस वर्षांची मिशी,
लग्नातसुद्धा कुणी हात लावला नव्हता.
त्या रात्री लॉजच्या आरशात
अर्धा तास गेला.
खाली एक ओठ निघाला, फिक्कट,
मलाच अनोळखी.

दुसऱ्या दिवशी मुलं आली.
आमची आम्रपाली, आठवी ब.
शिबिरात मिळालेलं तिचं मशीन
दिवाळीपासून पावडरच्या डब्यात आहे,
सेल संपला म्हणून.
हे मला त्या दिवशी कळलं.
तिच्या प्रगतिपुस्तकात मी तीन वर्षं
लाल शाईनं लिहीत आलो:
वर्गात लक्ष देत नाही.

मॅडमनी मुलांना विचारलं,
तुमच्या सरांना काय नाव ठेवलंय?
कुणी चष्मा दाखवला, कुणी पोट.
आम्रपालीनं हात खांद्यावरून मागे नेला
आणि स्वतःच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

भाऊ जरा थांबला.
"पाठ," म्हणाला.
मला क्षणभर बरं वाटलं.
गणिताचा मास्तर, पोरगी धडा म्हणते.
मग तो वळला, आमच्याकडे पाठ केली,
आणि हवेत खडूनं लिहू लागला,
लिहिता लिहिता बोलत राहिला, भिंतीशी.

बदलता येतं का नाव? मी विचारलं.
मॅडम म्हणाल्या, जिनं ठेवलं तिला विचारा.
तिनं माझा उघडा ओठ बराच वेळ पाहिला.
मग मान हलवली,
हो नाही, नाही पण नाही.

सोमवारी त्रिकोण काढला,
खडू खाली ठेवला, वळलो, मग बोललो.
दुसऱ्या प्रमेयापर्यंत जमलं.
नंतर नेहमीसारखं अर्धं वाक्य
फळ्याकडेच गेलं.

तिसऱ्या बाकावर
कुणीतरी दोनदा थोपटलं.