चोच आहे, कपाटात

एरंडोलला कासारगल्लीच्या वळणावर
एक घर आहे, सरकारी निळ्या पाटीमागे.
पाटी भिंतीला नाही.
भिंतीत खिळा ठोकायला मनाई आहे, असं पाटीवरच लिहिलंय,
म्हणून ती रस्त्यात लोखंडी पाइपावर उभी
आणि कापसाचा प्रत्येक ट्रॅक्टर तिला खांदा घासून जातो.

मी इथला पहारेकरी. कंत्राटी.
अकरा महिने झाले की एक दिवस मी कोणीच नसतो,
मग पुन्हा अकरा महिने.

घर बांधलं कोण्या सरकीच्या व्यापाऱ्याने.
सुतार म्हणे तापीच्या काठाकाठाने आलेले, सुरतेकडचे.
सागाला जे सुचलं ते त्यांनी करू दिलं:
खांबांवर केळफुलं,
तुळईखाली घोडे, त्यातल्या एकाला पाच पाय
(मी तीनदा मोजले),
आणि दर्शनी सज्जाखाली रांगेने पोपट, सव्वीस.

नाशिकहून दोन पोरी आल्या होत्या, शिडी, टेप, टॉर्च घेऊन.
आठ दिवस गल्लीतली शेवभाजी खाल्ली, घाम पुसला,
एकेका लाकडाला नंबर दिला.
त्यांच्या यादीत
पोपट क्रमांक चौदा,
डोळा आहे, शेपूट आहे,
चोच नाही.

मेच्या एका दुपारी, डांबर चपलेला चिकटत होतं,
एक म्हातारा आला. अंगात अजून जिनिंगची खाकी.
रजिस्टरात नाव घातलं, सुपडू तुळशीराम बडगुजर.
'येण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं
चोच.

खिशातून चुन्याची डबी. डबीत कापूस. कापसात
बोटाच्या पेराएवढं काळं लाकूड.
"हाई मन्हाच हातनी मोडेल शे, भाऊ."
विटी उडाली होती. नेम पोपटावर नव्हता, कशावरच नव्हता.
त्या संध्याकाळी शेठच्या मुनीमाने
गल्लीतल्या सगळ्या पोरांचे खिसे उलटे केले.
चोच होती ह्याच्या गालात.
म्हणून विचारलं तेव्हा हा बोलू शकला नाही,
आणि मुनीम म्हणाला, बघा, हा एकटा गुणी.

त्याला साठ वर्षं झाली.
जिन बंद पडलं, तीन भाड्याची घरं बदलली,
डबी बदलली नाही.

मी म्हटलं, कोपऱ्यावर डिंकाची ट्यूब मिळते, दहा रुपयांना.
म्हटलं खरं, आणि मग पाटी दिसली.
तेव्हा अर्ज केला. "पोपटाची चोच, नग एक, प्राप्त."
तो महिन्या-महिन्याला यायचा, उंबऱ्याबाहेरूनच विचारायचा,
काय व्हयनं चोचनं?
काय होणार. पोळा गेला, उत्तर आलं:
सदर चोच सदर पोपटाचीच असल्याबाबत
पुरावा सादर करावा.

शिडी मी धरली. वर तो चढला.
मला दिसत होत्या फक्त त्याच्या टाचा,
भेगांत पांढरी माती.
लाकडाला लाकूड लागल्याचा आवाज झाला, सुपारी फुटते तेवढा,
आणि वरून, "बठी गई."
फट म्हणून नव्हती. केस गेला नसता मधून.
मग बराच वेळ काही नाही.
गॅसच्या टाक्या वाजवत गाडी गेली,
समोरच्या कासारणीने गच्चीवरची वाळवण उलटली,
सव्वीसच्या सव्वीस पोपट चोचीसकट गल्लीकडे बघत होते.

मी काही बोललो नाही.
त्यानेच ती काढली, पुन्हा कापसात गुंडाळली,
उतरताना शेवटची पायरी चुकला, सावरला.
पाटीचं तोंड रस्त्याकडे असतं. तिने पाहिलं नसावं.

उत्तर कळवलं: तपासले. बसते. पुन्हा काढून ठेवली आहे.

यादीत चौदा नंबरपुढचं 'नाही' खोडलं, सही केली, लिहिलं,
आहे. कपाटात, वरच्या कप्प्यात.
आणि खाली, रकाना नव्हता तरी,
डबी श्री. बडगुजर यांची. परत करणे.