पाच-नऊ

भिंतीवर तीन फ्रेमा. मधली वाकडी,
पंख्याच्या वाऱ्यानं हलते, मी सरळ करत नाही.
शंभर देश. दोनशे देश.
तिसरी रिकामीच, भंडाऱ्याहून आधीच करून आणलेली.
काच पुसताना कुंदा विचारते,
यात कोणाचा फोटो लावायचा आहे?

सत्तावीस वर्षं वीज मंडळाच्या खांबांवर चढलो.
आता मोहाच्या फांदीपासून बांबूपर्यंत
एकच तार, माझी स्वतःची.
हिवाळ्यात बांध्यांवर धुकं असतं तेव्हा
तिच्यातून जग आत येतं
किंवा येत नाही.

बोलणं झालं तरी ते झालेलं नसतं
तिकडून कार्ड येईपर्यंत.
म्हणून पाकिटात पाकीट घालतो,
माझ्याच अक्षरात माझाच पत्ता.
पोस्टातली नंदेश्वरबाई तिकिटं मोजता मोजता म्हणते,
काका, स्वतःलेच पत्र धाडता का जी?

आणि देश एकदाच मोजतात.
पहिल्यांदा भेटला तेव्हा तो फिजी होता.
दुसऱ्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली,
नातू झाल्याचं सांगत होता बहुतेक.
मी पाच-नऊ म्हटलं
आणि डायल पुढे नेला.
पाच-नऊ म्हणजे खणखणीत ऐकू येतंय.
ऐकू येवो न येवो, सगळे सगळ्यांना तेच सांगतात,
त्यात वेळ जात नाही.

समुद्रातला एक खडक यादीत देश आहे.
तिथं पक्षी, त्यांची विष्ठा आणि वारा.
कधीतरी पाच-सहा जण जनरेटर घेऊन दहा दिवस उतरतात
आणि अर्धी पृथ्वी त्यांच्यावर ओरडत सुटते.
अड्याळ यादीत नाही.
लाखांदूर नाही.

लाखांदूरला तेजराम कापगते.
त्याचा साठ फुटी टॉवर, माझा बांबू.
प्रत्येक गर्दीत त्याची हाक
माझ्या हाकेच्या अर्धा श्वास आधी.
अकरा वर्षांत त्याच्या घशातली खाकर मला पाठ झाली,
बोललो मात्र दोनदाच.
त्याचा देश तोच माझा देश,
मग त्याचे मला काय मिळणार, माझे त्याला काय?

एप्रिलात वादळ झालं, विजा पडल्या.
दुसऱ्या रात्री तो खडक हवेत आला
आणि मला मिळाला, एका हाकेत.
तीनशेवा.
कुंदाला उठवावं म्हणून उभा राहिलो,
तसाच उभा राहिलो.
एका हाकेत?
पुन्हा कान लावला. जपान होतं, इटली होती,
कोणीतरी शिव्या देत होतं रशियनमधून.
खाकर नव्हती.

तिसऱ्या दिवशी पवनीहून एसटी बदलून गेलो,
पिशवीत तार आणि चार चिनीमातीचे इन्सुलेटर.
टॉवर उन्हाळी धानात आडवा पडलेला,
वर बगळे बसलेले.
तेजराम धुऱ्यावर होता. या म्हणायच्या आधी म्हणाला,
तीनशे झाले ना तुमचे?
हो म्हटलं.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
त्याच्या वहिनीनं चहा आणला, तो घेतला,
आणि दोघांनी मिळून एक बांबू उभा केला,
माझ्या बांबूएवढाच.

शेवटच्या गाडीनं घरी आलो.
नऊ वाजता चाळीस मीटरवर त्याची हाक आली.
सवयीनं म्हटलं, पाच-नऊ.
तिकडे शांत.
मग खाकरला. म्हणाला,
खोटं काहून बोलता जी?
मले तुमचा आवाज फाटका येते,
मांगं काहीतरी घरघरते.
चार-तीन. तेही वाढवून सांगतो.

मी उठून पंखा बंद केला.
मधली फ्रेम थांबली, वाकडीच.
आणि विचारलं, आता?