अकरा रुपये, लॉर्कन डेव्हनी यांच्या नावे

दौलतगंजच्या रद्दीवाल्याने तो सव्वा शेरात तोलून दिला.
मिलमधला कोणी साहेब गाशा गुंडाळून गेला होता,
त्याच्या गठ्ठ्यात हे नाटक, कडा वाळवीने खाल्लेल्या,
पाठीवर फोटो:
कान मोठे, टाय वाकडा, नजर भलतीकडेच.
ए. जी. ऑफिसातले त्र्यंबक इंदापूरकर म्हणाले,
"वेणूबाई, हा आपल्यातलाच दिसतो."

त्याचं आयुष्य मला तालमींच्या चहात कळलं, तुकड्यातुकड्याने.
त्र्यंबकराव काहीच सुरुवातीपासून सांगत नसत.
बाप वजनकाट्यावर कारकून.
दलदलीची काळी माती कापायची, वाळवायची,
चुलीत घालायची, असलं गाव.
पोरगा काट्याच्या फळीवर उभा राहून रोज स्वतःला तोलायचा.
घरात इंग्रजी. जुनी भाषा तो विसाव्या वर्षी शिकला,
एका नावाड्याकडून,
शिव्यांपासून सुरुवात करून.
मग तिच्यातच कविता. दोनशे प्रती छापल्या,
एकशे एक्केचाळीस पलंगाखाली राहिल्या.
पलंग डुगडुगायचा थांबला, एवढा फायदा झाला म्हणे.

आम्ही हसलो, पण जरा जपूनच.
आमचंही तेच की. बाड्यावर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी,
आणि तीही पुण्याहून कोणी आलं की अंग चोरणारी;
"भाजी" म्हणता म्हणता तोंडातून "सब्जी" निसटायची.

त्याचं नाटक तिसऱ्या रात्री बंद पडलं.
पाद्री दारात उभा राहिला. अडवलं कोणालाच नाही,
फक्त आत जाणाऱ्याला नावाने हाक मारून
घरच्यांची खुशाली विचारत राहिला.
पुढे बावीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलं
आणि रेडिओसाठी लिहिलं,
कारण रेडिओला दार नसतं.

नाटकात एक आंधळी नावाडीण.
उतारू बसला की नाव किती दबते त्यावरून ओळखते:
हा सावकार, ही पोटुशी,
हा आत्ताच कोणाला तरी मारून आलाय.
ती मी.

अडचण एकच, समुद्राची.
ग्वाल्हेरात समुद्र कुठला? स्वर्णरेखेत म्हैससुद्धा बुडत नाही.
त्र्यंबकरावांनी परवानगीचं पत्र टाकलं.
चार महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं:
तुमच्याकडे असेल ते पाणी वापरा.
फक्त ते थंड असू द्या.

म्हणून चंबळ. राजघाटचा उतार.
जमीनदाराच्या माणसाऐवजी बागी,
तिकडे कोणी डाकू म्हणत नाही.
एकच प्रयोग, चौसष्टचा जानेवारी, शाळेच्या हॉलमध्ये.
दुसऱ्या अंकात वीज गेली.
मी आंधळीच होते, बोलत राहिले;
लोकांना वाटलं, हे नाटकातलंच.
बागी मात्र विंग समजून
पेटीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला.

खर्च वजा जाता बावीस रुपये उरले.
निम्मे लेखकाचे, त्र्यंबकराव म्हणाले, हिशेब तो हिशेब.
परदेशी पाठवायचे तर परवानगी हवी:
तीन अर्ज, तीन नकार.
शेवटी त्यांनी वहीतच खातं उघडलं.
लॉर्कन डेव्हनी. जमा अकरा.

अडुसष्टात त्याच्या बहिणीचं पत्र आलं. तो गेला.
टेबलाच्या खणात एक फोटो सापडला,
घोंगडी पांघरलेली कोणी बाई.
ही कोण, तुम्हाला ठाऊक आहे का?

त्र्यंबकरावांनी उत्तर लिहिलं की नाही, मी विचारलं नाही.

वही आता माझ्याकडे आहे. व्याज लावलेलं नाही.
मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर घाई करतो, मी टाळते.
कडेला कोणी बसलं की बाज सांगते:
सून.
धाकटी नात, कॉलेज बुडवून आलेली.
काल पुतण्या बसला, उसने मागायला;
तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.
"पाय जपून टाक," मी म्हटलं, "पाणी थंड आहे."
"काकू," तो म्हणाला, "कुठलं पाणी?"