डावा हात खिशात

ओरुरोच्या वर्कशॉपात पहिला आठवडा
नेलिदाला तारेला हातच लावू दिला नाही.
एलेउतेरिओ मास्तर एवढंच म्हणायचे,
"डावा खिशात. उजव्यानं मोज.
वीज आडवी गेली
तर वाटेत काळीज लागतं."

मीटरनं शून्य दाखवलं,
की आधी चालू सॉकेटवर मीटरच पारखायचा,
मग परत त्याच तारेवर.
शून्यावर एकदम विश्वास नाही.

आता बाजारात बटाटे निवडतानाही
डावा खिशातच.
आई विचारते, एवढी थंडी?

प्रमाणपत्र घ्यायला तिनं
एकटा उजवाच पुढे केला.
पाहुणे बिचकले,
उद्धट वाटली पोर.

मागे भिंतीशी मास्तर,
टाळ्या न वाजवता उभे.
डावा खिशात.