उसना तास

हर्णैच्या बंदरावरून काटा आणला होता,
शाळेचा बिघडला म्हणून.
पत्र्याला अजून मासळीचा वास.
आरोग्य तपासणी, सातवी ब.
मी आकडे मोठ्यानं वाचत होते,
शिपाई रजिस्टरात उतरवत होता.
विराज चोगले वर चढला,
काटा जरा डुचमळला,
आणि कुणी हसायच्या आत तोच म्हणाला,
"बाई, भाव काय लावणार?"

वर्ग खदाखदा हसला.
मीही.
हे लिहायला मला वर्ष लागलं.

त्या रात्री टाचणवही काढली.
गणिताची बाई मी, हिशेब येतो मला.
जून ते जानेवारी,
खेळाच्या तासाच्या चौकटीत
माझ्याच बारीक अक्षरात: गणित.
गणित. गणित.
एकूण एकतीस.
"उसना घेते हं," म्हणायचे मी खेळाच्या सरांना,
शेजारणीकडून वाटीभर साखर घ्यावी तसा,
जी कुणी परत मागत नाही.

मैदान तरी कुठे होतं म्हणा.
नव्या खोल्यांसाठी आलेला जांभा
दोन पावसाळे तिथेच शेवाळत पडलेला,
उरल्या जागेत सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या,
तासाला तीस रुपये, शाळेच्या खात्यात जमा.
आणि फाटकासमोर मुकादमांचं दुकान,
वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या पाकिटांच्या माळा.
विराजची आई दुपारपासून लिलावात,
बाप आठ-आठ दिवस बोटीवर.
सकाळी खिशात दहाची नोट सरकवायची,
हीच त्या घरातली घाईची माया.
तिला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

मुख्याध्यापक म्हणाले, तास देतो, पण घ्याल कुठे?
मी खिडकीतून बोट दाखवलं.
खाली ओहोटी लागलेली,
सुवर्णदुर्गाच्या दिशेनं पसरलेली
ओली, घट्ट, रिकामी पुळण.
"समुद्र काय आपल्या घंटेवर चालतो, बाई?"
नाही, सर.
तो रोज पाऊण तासाहून जरा जास्तच उशीर करतो,
पंधरवड्यातले सात-आठ दिवस शाळेच्या वेळेत सापडतो.
त्या दिवशी आपण त्याच्या घंटेवर चालू.

वेळापत्रक मुलांनीच मांडलं,
अपूर्णांकांची बेरीज न रडता झाली.
दोन पालक तक्रार घेऊन आले: गणित बुडतंय.

विराज धावला नाही.
चार पावलांत दम लागे,
मग बसून कुर्ल्यांची बिळं मोजे.
मी हाक मारली नाही. मारायची सवय होती, तरी.
पाचव्या दिवशी आट्यापाट्यांच्या पाट्या आखायला
कुणीतरी हवं होतं. तो उठला,
टाच रोवून मागे मागे सरकत
पंचवीस पावलांची रेघ ओढली त्यानं,
नांगराच्या दोरासारखी ताठ.
आणि आपल्याच रेघेवर हात पसरून उभा राहिला.
त्या दिवशी त्या पाटीवरून
कुणी सुटलं नाही.

शेवंतीकाकी हल्ली खिचडीत
शेवग्याचा पाला टाकतात, कुणाला न विचारता.
मुकादमचाचांनी एक माळ उतरवली,
तिथे उकडलेल्या शेंगांची टोपली ठेवली.
"खपत नाहीत फारशा," म्हणतात,
पण सकाळी पुन्हा ठेवतात.

काटा आता नकाशाच्या आड असतो.
एकेक मूल आत जातं,
आकडा डोळ्यांतून कागदावर उतरतो,
ओठांना कळत नाही.
विराजचं वजन मला विचारू नका.
तो आठवीत गेला, एवढं सांगते.
काल फळ्यावर मी ओहोटीची वेळ लिहिली,
तर मागच्या बाकावरून म्हणाला,
"बाई, दहा मिनिटं चुकलात."
बापाच्या बोटीवरचं पंचांग त्याच्याकडे पाठ.

मी पुसून दुरुस्त केलं.
फेडले एकोणीस.
बारा बाकी.
व्याज वेगळं.